झेंड्यातला हिरवा कोणाचा?



स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असे मुख्याध्यापकांनी सांगितले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सनावळ्या आल्या नाहीत. गेल्या ऑगस्टमधला आठवीचा वर्ग आला. स्वातंत्र्यदिन चार दिवसांवर आला होता आणि मुले मोठ्या पुठ्ठ्यावर झेंडा रंगवीत बसली होती. एका कोपऱ्यात दोघांची हमरीतुमरी चालली होती. जवळ जाऊन पाहतो तर भांडण हिरव्या रंगाच्या बाटलीवरून. "हिरवा मी भरणार," "नाही, मी," असे चाललेले. मी विचारले, "अरे, मग केशरी कोण भरणार?" त्यावर त्यातला एक अगदी सहज बोलून गेला, "सर, तो त्यांचा ना? हिरवा आपला."

वर्गात कोणी हसले नाही, कोणी मान वर करून पाहिलेही नाही. सूर्य पूर्वेला उगवतो म्हणावे तसे ते वाक्य सर्वांनी ऐकून घेतले. मला खटकले ते हेच.

मी त्या मुलाला रागावलो नाही. रागावण्याचा मला अधिकार नव्हता, कारण हेच उत्तर मला लहानपणी मिळाले होते आणि तेही शाळेतच. आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत दर २६ जानेवारीला तीन मुलांना तीन रंगांचे सदरे घालून ओळीने उभे करीत. चौथीपासून सातवीपर्यंत हिरवा सदरा माझ्याकडे आला. एका वर्षी मी केशरी मागितला. गुरुजी माझ्या पाठीवरून हात फिरवीत म्हणाले, "अरे, तुझा हिरवाच की!" गुरुजी मायाळू होते. मला मान मिळावा एवढीच त्यांची इच्छा असणार, आणि घरी वालिदांनाही त्यात कौतुकच वाटले. परंतु त्या दिवशी झेंड्याचे दोन पट्टे माझ्या हातून गेले, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले. तेव्हा जे दुसऱ्याने मला दिले, ते आज माझे विद्यार्थी आपण होऊन उचलीत आहेत, एवढाच काय तो फरक.

आता तुम्ही विचाराल, मुलाचे उत्तर चूक की बरोबर? इतिहासाच्या शिक्षकाने प्रामाणिकपणे सांगायचे तर ते एके काळी बरोबर होते. दहा वर्षे बरोबर होते. पुढे ते विचारपूर्वक बाजूला ठेवले गेले. ते का ठेवले, कोणी ठेवले, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

सुरुवातीची काही निशाणे झटकन पाहून घेऊ. २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतील स्टुटगार्ट शहरी आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मादाम भिकाईजी कामा यांनी हिंदुस्थानचा झेंडा फडकावला. बाई मुंबईच्या, पारशी घराण्यातल्या. त्यांच्या झेंड्यात हिरवा पट्टा सर्वांत वर, मध्ये पिवळसर केशरी आणि खाली तांबडा. वरच्या पट्ट्यावर आठ कमळे, मधल्यावर देवनागरीत 'वंदे मातरम्', आणि खालच्या तांबड्या पट्ट्यावर एका टोकाला सूर्य, दुसऱ्या टोकाला चंद्रकोर. हा झेंडा पुण्यात केसरीवाड्यात जपून ठेवलेला आहे. सहल पुण्याला गेली तर शनिवारवाड्याबरोबर तेही पाहावे, अशी माझी सहलप्रमुखांना विनंती आहे. पुढे १९१७ साली लोकमान्य टिळक आणि ॲनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीचा झेंडा आला. त्यात पाच तांबडे आणि चार हिरवे पट्टे, त्यावर सप्तर्षींचे सात तारे, एका कोपऱ्यात इंग्रजांचा युनियन जॅक आणि दुसऱ्या कोपऱ्यात चंद्रकोर नि चांदणी. इतके सगळे एका कापडावर दाटले होते! पण त्या दाटीवरूनच कळते की आपल्या पूर्वजांना काय साधायचे होते. कोणी बाहेर राहू नये, ही त्यांची धडपड होती.

खरी गोष्ट सुरू होते ती १९२१ मध्ये. ३१ मार्च आणि १ एप्रिलला बेझवाडा, म्हणजे आजचे विजयवाडा, येथे काँग्रेसच्या महासमितीची बैठक भरली. दिवस खिलाफत आणि असहकाराचे होते. अली बंधू आणि गांधीजी एका व्यासपीठावरून बोलत, लोक एकमेकांच्या गळ्यात पडत. मछलीपट्टणचे पिंगली वेंकय्या नावाचे एक गृहस्थ कित्येक वर्षे राष्ट्रीय झेंड्याचा ध्यास घेऊन बसले होते. १९१६ साली त्यांनी झेंड्याच्या नमुन्यांची एक पुस्तिकाही छापली होती. झेंड्यावर चरखा असावा, ही सूचना जालंधरच्या लाला हंसराज यांची. गांधीजींनी वेंकय्यांना सांगितले की तांबड्या आणि हिरव्या पार्श्वभूमीवर चरखा काढून आणा. तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, असा तेव्हाचा हिशेब होता. वेंकय्यांनी तीन तासांत झेंडा आणून दिला. पण तेवढ्यात बैठकीत तो मांडण्याची वेळ टळून गेली होती.

वाचकहो, ही थोडीशी दिरंगाई मला आपल्या इतिहासातली मोठी भाग्याची वाटते. १३ एप्रिल १९२१ च्या 'यंग इंडिया'त गांधीजींनी स्वतःच लिहिले आहे की उशीर झाला ते बरेच झाले, कारण विचार करायला अवधी मिळाला. या देशात दोनच धर्मांचे लोक राहतात का, हा प्रश्न त्यांच्या मनात आला. म्हणून त्यांनी तिसरा, पांढरा पट्टा घातला, तो बाकी सर्व धर्मांचा. पट्ट्यांचा क्रमही त्यांनी विचार करून लावला. संख्येने सर्वांत थोडे ते सर्वांत वर, म्हणून पांढरा वर, मध्ये हिरवा, आणि सर्वांत खाली तांबडा. जो सर्वांत बलवान त्याने तळाशी राहून इतरांना ढालीसारखे सांभाळावे, अशी त्यामागची कल्पना. तिन्ही पट्टे सारख्याच रुंदीचे आणि तिन्हींवर पसरलेला एकच चरखा.

तेव्हा आठवीतल्या माझ्या विद्यार्थ्याने सांगितलेला अर्थ गांधीजींच्या लेखणीतूनच आलेला आहे. त्यामागचा भावही उदात्त होता, हे कोणी नाकारू नये. त्याच वर्षाअखेर अहमदाबादच्या अधिवेशनात हा झेंडा लागला, तेव्हा अध्यक्षस्थानी हकीम अजमल खान होते.

या झेंड्यासाठी लोकांनी काय सोसले ते आपल्या महाराष्ट्राला चांगले ठाऊक असायला हवे. १९२३ साली नागपुरात सिव्हिल लाइन्सकडे झेंड्याची मिरवणूक न्यायला सरकारने बंदी केली. जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला. रोज तुकडी निघे, रोज पकडली जाई. जमनालालजींना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली. दीड हजारांवर माणसे तुरुंगात गेली आणि १८ ऑगस्टला अखेर त्या रस्त्यावरून झेंडा गेलाच.

आणि सोलापूर! १९३० च्या एप्रिलमध्ये सोलापूर नगरपालिकेने आपल्या इमारतीवर हाच झेंडा लावला. मे महिन्यात गांधीजींना अटक झाली, शहर पेटले, गोळीबार झाला, मार्शल लॉ पुकारला गेला. झेंडा मिरवणे हा गुन्हा ठरला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून चौघांवर खटला झाला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी देण्यात आले. त्यांची नावे मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन ऐन विशीतले तरुण होते, 'गझनफर' नावाचे पत्र चालवीत. हे चौघे चार वेगवेगळ्या घरांतले, चार वेगवेगळ्या चालीरीतींचे. त्यांच्यापैकी कोणी कोणत्या पट्ट्यासाठी प्राण दिला, असा प्रश्न तुम्ही विचारून पाहा. विचारतानाच जीभ अडखळते. आज सोलापूरच्या हुतात्मा चौकात चौघांचे पुतळे एकत्र उभे आहेत.

असे असूनही पट्ट्यांच्या वाटणीत एक अडचण होती, आणि ती हळूहळू वर येत गेली. पट्टे तीन आणि माणसे अनेक. शीख म्हणू लागले की आमचा रंग झेंड्यात नाही, तो घाला. त्यांचे चुकले असे मला वाटत नाही. एकदा घराच्या खोल्या नावाने वाटल्या म्हणजे ज्याच्या नावे खोली नाही तो पाहुणा ठरतो. मग ख्रिस्ती, जैन, यहुदी, पारशी या सर्वांनी एका पांढऱ्या पट्ट्यात दाटीने राहायचे काय? परदेशात आपला झेंडा ज्या बाईने पहिल्यांदा फडकावला, त्या मादाम कामांच्या वाट्याला त्या हिशेबाने पांढऱ्याचा एक तुकडा आला असता! दुसरीकडे कलकत्त्याच्या संस्कृत परिषदेने १९२४ साली झेंड्यात विष्णूची गदा घालावी असे सुचविले होते. ज्याला त्याला आपले चिन्ह हवे होते.

शेवटी एप्रिल १९३१ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने सात जणांची एक समिती नेमली. सरदार पटेल, जवाहरलाल नेहरू, मौलाना अबुल कलाम आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभि सीतारामय्या, सेवादलाचे डॉ. ना. सु. हर्डीकर आणि आपले साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर. झेंड्याच्या रंगांना जातीय अर्थ चिकटला आहे, त्यावरून तक्रारी आहेत, तेव्हा विचार करून सांगा, असे त्यांना काम दिले होते.

समितीने काय शिफारस केली, ठाऊक आहे? झेंडा संपूर्ण केशरी असावा आणि वरच्या कोपऱ्यात तपकिरी-तांबूस चरखा असावा! पट्टेच नकोत, म्हणजे वाटणीचा प्रश्नच नको. ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा मुले चमकतात. कारण त्या सात जणांत मौलाना आझाद होते. कुराणाचे भाष्यकार, मक्केत जन्मलेले, अरबी ज्यांची मातृभाषा, त्या मौलानांना केशरी रंग परका वाटला नाही. आठवीतल्या मुलाला मात्र तो 'त्यांचा' वाटतो. नव्वदांहून अधिक वर्षांत आपण पुढे आलो की मागे गेलो, हे मी तुमच्यावर सोपवितो.

समितीची ही शिफारस काही मान्य झाली नाही. तीन रंगांची लोकांना सवय झाली होती. त्या झेंड्यासाठी माणसे तुरुंगात गेली होती, तो एकदम टाकून कसा देणार? ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत महासमिती भरली आणि तिने मधला मार्ग काढला. रंग तीनच ठेवले, पण तांबड्याच्या जागी केशरी आणला. केशरी वर, पांढरा मध्ये, हिरवा खाली, आणि पांढऱ्यावर निळा चरखा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रंगांना कोणताही जातीय अर्थ नाही, हे स्पष्ट शब्दांत नमूद केले. केशरी धैर्याचा आणि त्यागाचा, पांढरा शांतीचा आणि सत्याचा, हिरवा श्रद्धेचा आणि वीरवृत्तीचा, आणि चरखा हा गोरगरीब जनतेच्या आशेचा.

नीट पाहा, काय घडले ते. आधी रंग माणसांचे होते, आता ते गुणांचे झाले. माणसांचे गट वाटून घ्यावे लागतात. गुण वाटून घेता येत नाहीत. धैर्य हिंदूंनी ठेवावे आणि श्रद्धा मुसलमानांनी, असे कोणी म्हणेल काय? कुर्बान हुसेन फासावर चढले तेव्हा त्यांच्यापाशी धैर्य नव्हते काय? आणि त्यांच्याबरोबर चढलेल्या तिघांपाशी श्रद्धा नव्हती काय?

मग एवढा स्पष्ट ठराव होऊनही जुनाच अर्थ लोकांच्या तोंडी का राहिला? एक कारण साधे आहे. तो लक्षात ठेवायला सोपा. दुसरे कारण तितके साधे नाही. १९३१ नंतरची सोळा वर्षे रंग पुसण्याची नव्हती, रंग गडद करण्याची होती. मुस्लिम लीगच्या हिरव्या निशाणाखाली वेगळ्या देशाची मागणी झाली. ११ ऑगस्ट १९४७ रोजी पाकिस्तानने जो झेंडा स्वीकारला त्यात मोठा भाग हिरवा आणि दांडीकडे एक पांढरा पट्टा आहे. तो पांढरा पट्टा तेथील अल्पसंख्याकांचा, असे तिकडे सांगितले जाते. शेजारच्या देशाविषयी वाकडे बोलण्याचा माझा हेतू नाही. पण पाहा, जो हिशेब आपण १९३१ साली सोडून दिला, तोच हिशेब त्या कापडात शिवला गेला. आपल्याकडची मुले नकळत तोच हिशेब इकडच्या झेंड्याला लावतात, आणि मग त्यांच्या हाती एकच पट्टा उरतो.

आता १९४७ कडे येऊ. स्वतंत्र भारताचा झेंडा ठरविण्यासाठी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली तीत मौलाना आझाद पुन्हा होते. सरोजिनी नायडू होत्या, राजगोपालाचारी, कन्हैयालाल मुनशी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. २२ जुलै १९४७ रोजी नेहरूंनी संविधान सभेत ठराव मांडला. सभासदांना दाखविण्यासाठी त्यांनी दोन झेंडे आणले होते, एक रेशमी खादीचा आणि एक सुती खादीचा. चरख्याच्या जागी चक्र का, याचे त्यांनी दिलेले एक कारण फार व्यवहारी आहे. झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे. चरखा एका बाजूने सरळ दिसतो, तर दुसऱ्या बाजूने उलटा. चाक मात्र कोठूनही पाहिले तरी चाकच. चरखा गेल्याचे गांधीजींना वाईट वाटले होते, हेही सांगितले पाहिजे.

मूळ ठराव प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी वाचावा. अगदी आखूड आहे. गडद केशरी, पांढरा आणि गडद हिरवा असे सारख्या प्रमाणातले तीन आडवे पट्टे, मध्ये सारनाथच्या सिंहस्तंभावरचे चक्र गडद निळ्या रंगात, लांबी-रुंदीचे प्रमाण तीनास दोन. झाले! रंगांचा अर्थ ठरावात दिलेलाच नाही. चक्राचा तेवढा दिला आहे, आणि तो वाचून तुम्हाला आश्चर्य वाटेल. चक्र हे चरख्याचे प्रतीक म्हणून आहे, असे ठराव म्हणतो. आकृती सम्राट अशोकाची, पण अर्थ सूत कातणाऱ्या गरीब बाईच्या चरख्याचा. आपण पाठ्यपुस्तकातून जे अर्थ पाठ करतो ते त्या दिवशीच्या आणि नंतरच्या थोर मंडळींच्या भाषणांतून आले आहेत. डॉ. राधाकृष्णन यांनी केशरीत वैराग्य पाहिले, पांढऱ्यात प्रकाश, हिरव्यात आपले मातीशी आणि पिकांशी असलेले नाते, आणि चक्रात गती.

नेहरूंनी त्या दिवशी सांगितले की काही लोक या झेंड्याचा जातीय अर्थ लावतात, पण तो तयार झाला तेव्हा असा काही अर्थ नव्हता. १९३१ च्या झेंड्याविषयी हे खरे आहे. १९२१ च्या झेंड्याविषयी नाही, हे वर तुम्ही वाचलेच. मोठ्या माणसाचे वाक्यही सनावळीशी ताडून पाहावे, म्हणून हा उल्लेख केला. ठरावाला पाठिंबा देणाऱ्यांत आसामचे सय्यद मुहम्मद सादुल्ला होते, आणि लीगचे चौधरी खलिकुज्जमाही होते. खलिकुज्जमा पुढे पाकिस्तानात गेले, पण त्या दिवशी या सभागृहात त्यांनी याच झेंड्याला मान दिला. सर्व सभासदांनी उभे राहून ठराव मंजूर केला. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री भारतीय स्त्रियांच्या वतीने हंसा मेहता यांनी सभेला झेंडा अर्पण केला.

येथे एक प्रश्न हमखास येतो. आपल्या समाजात पुष्कळजण अभिमानाने सांगतात की आजचा झेंडा बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या पत्नी सुरैया यांनी तयार केला. तय्यबजी तेव्हा संविधान सभेच्या कचेरीत सनदी अधिकारी होते. चरख्याच्या जागी चक्र आणण्याच्या कामात त्यांचा हात होता असे त्यांच्या कुटुंबीयांचे सांगणे आहे. आंध्रात विचाराल तर वेंकय्यांचे नाव घेतात. ठरावात कोणा एकाचे नाव नाही. मला विचाराल तर या वादात फार शिरण्यात अर्थ नाही. चरखा जालंधरचा, पट्टे बेझवाड्याचे, केशरी मुंबईच्या बैठकीतला, चक्र सारनाथचे. इतक्या हातांतून गेलेल्या वस्तूला एक कर्ता शोधत बसणे म्हणजे गावच्या विहिरीला एकच खोदणारा शोधण्यासारखे आहे.

आता थोडे घरातले बोलू. हिरवा मुसलमानांचाच, हे तरी कोठून आले? अब्बासी खलिफांचे निशाण काळे होते. उस्मानी तुर्कांचा झेंडा तांबडा, त्यावर पांढरी चंद्रकोर आणि चांदणी. म्हणजे १९२१ साली आपले बुजुर्ग ज्या खलिफासाठी तुरुंगात जात होते, त्याचा झेंडा तांबडा होता, आणि इकडे झेंड्यात तांबडा पट्टा हिंदूंच्या नावे लागला होता! हिरव्याचे म्हणाल तर आपल्या शेजारच्या घरी लग्न निघाले की आधी हिरवा चुडा भरतात. हिरव्या बांगड्यांशिवाय महाराष्ट्रात नवरी उभी राहत नाही. चंद्रकोर तर आपल्याकडच्या कितीतरी बायका कपाळावर रेखतात. आणि केशर? आपण त्याला जाफरान म्हणतो. इंग्रजीत वरच्या पट्ट्याला जो 'सॅफ्रन' शब्द वापरतात तो याच अरबी शब्दावरून आलेला आहे. काश्मिरात पांपोरच्या शेतांतून ते वेचणारे हात बहुतेक मुसलमान शेतकऱ्यांचे. ईदला जर्द्यात आणि लग्नाच्या बिर्याणीत आपण तेच घालतो. पांढऱ्याविषयी काय सांगावे? हाजींचा एहराम पांढरा, आणि पंढरीच्या वारकऱ्याचे धोतर नि टोपीही पांढरीच.

चक्रासाठी फार दूर जायला नको. सारनाथचा स्तंभशीर्ष १९०४-०५ च्या उत्खननात सापडला. त्यावरच्या चक्राला चोवीस आरे आहेत. तो उभारणारा अशोक दोन हजार दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्या आज्ञा आपल्या कोकणपट्टीतही कोरल्या गेल्या होत्या. नालासोपाऱ्याजवळच्या जुन्या सोपारा बंदरात आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली सापडला, नवव्याचा १९५६ साली. याच सोपाऱ्याला अरब व्यापारी 'सुबारा' म्हणत आणि त्यांची गलबते तेथे लागत. अशोकाचा बारावा लेख गिरनारला आहे. त्याचा आशय असा की जो केवळ आपल्याच पंथाची स्तुती करतो आणि दुसऱ्याच्या पंथाला कमी लेखतो, तो आपल्याच पंथाचे नुकसान करतो; म्हणून दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. हे बौद्ध राजाने लिहिले. झेंड्याच्या मधोमध त्याचे चाक आहे.

एक विनंती जाता जाता करतो. स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी शाळेजवळच्या गटारात मला दरवर्षी कागदी झेंडे सापडतात. डिसेंबर २०२१ मध्ये नियम बदलून पॉलिस्टरच्या आणि यंत्रावर केलेल्या झेंड्यांनाही परवानगी मिळाली आहे, जुलै २०२२ पासून घरावर रात्रीही झेंडा ठेवता येतो. पण झेंडा रस्त्यावर टाकण्याची परवानगी कोणी दिलेली नाही. कार्यक्रम संपला की कागदी झेंडे वर्गशिक्षकांकडे आणून द्यावेत.

आणि आता २६ जानेवारीविषयी. यंदाही तीन रंगांचे संचलन आहे. कोणी कोणत्या रांगेत उभे राहायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवू, असे मी वर्गात जाहीर केले. दोन दिवसांनी पाचवीतल्या एका मुलीची आई आली. म्हणाली, "सर, हिरवा ड्रेस घरात आहे, केशरी निघाला तर नवा शिवावा लागेल." तिचे म्हणणे रास्त होते. म्हणून संस्थेच्या चिटणीसांना सांगून तिन्ही रंगांच्या ओढण्या आणि उपरणी शाळेतर्फेच आणली आहेत. पालकांना खर्च पडणार नाही. मुलांनी फक्त पांढऱ्या गणवेशात यावे.

आठवीतला तो मुलगा? त्या दिवशी त्याला मी केशरी भरायला बसविले. थोडा कुरकुरला, मग रंगला. रेषेबाहेर जाऊन पांढऱ्यात दोन ठिकाणी डाग पाडले, ते त्याने खडूने झाकले. चक्राचे आरे मात्र बावीसच काढले होते. ते पुसून पुन्हा चोवीस काढून घेतले.